ते पैसे तुमचेच आहेत, कोणाला तीस टक्के देऊ नका

पत्र: माझं वय ६४. आम्ही १९९९ मध्ये अमेरिकेला गेलो. पहिली दोन वर्षं कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होतो, मग न्यू जर्सीत एडिसनला. २००९ मध्ये सासूबाईंच्या आजारपणामुळे गाशा गुंडाळून ठाण्याला परत आलो. यजमान २०२३ मध्ये गेले. मुलगा टेक्सासमध्ये नोकरी करतो. गेल्या महिन्यात त्याच्या पत्त्यावर एका एजन्सीचं पत्र आलं. तुमच्या वडिलांच्या नावे एका राज्य सरकारकडे पैसे पडून आहेत, सोबतच्या करारावर आईची सही पाठवा, मिळतील त्यातले तीस टक्के आमचे, असा मजकूर आहे. राज्य कोणतं, रक्कम किती, काही लिहिलेलं नाही. मुलगा म्हणतो, फसवणूक आहे, फाडून टाक. धाकटे दीर म्हणतात, बसल्या जागी सत्तर टक्के मिळताहेत तर सही करून मोकळ्या व्हा. तिथलं एक बँक खातं बंद करायचं राहून गेलं होतं एवढं मला आठवतं. मुलाने बँकेत फोन केला तर ‘असं खातंच नाही’ म्हणाले. आमचे पैसे सरकारने का घेतले? ते जप्त झाले का? आणि मला इथे ठाण्यात बसून ते मिळवता येतील का?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

करारावर सही करू नका आणि ते पत्र फाडूही नका. पत्र खोटंच असेल असं नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याकडे अशा पडून राहिलेल्या पैशांची यादी असते आणि ती कोणालाही बघता येते. या एजन्सीज त्या याद्या चाळतात, नावावरून माणसाचा किंवा वारसांचा माग काढतात आणि टक्केवारीवर काम करून देतो म्हणून पत्रं पाठवतात. हा तिथला उघड चालणारा धंदा आहे. पत्रात राज्याचं नाव का नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. ते नाव कळलं की पुढचं सगळं तुम्हाला घरबसल्या फुकट करता येतं.

फुकट हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. दावा दाखल करायला न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया फी घेत नाही. तीस टक्के तर फारच झाले. कॅलिफोर्नियात अशा एजन्सीला कायद्याने जास्तीत जास्त दहा टक्के घेता येतात, टेक्सासमध्येही दहाच. दीरांचा हिशेब वरवर बरोबर दिसतो, पण कागदपत्रं शेवटी तुम्हालाच गोळा करावी लागणार आहेत. यजमानांचा मृत्यूचा दाखला, जुना पत्ता सिद्ध करणारे कागद, नोटरीसमोरची सही, यांतलं काहीही एजन्सी तुमच्या वतीने करू शकत नाही. मग तीस टक्के कशाचे?

तुमचा सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न, सरकारने पैसे का घेतले. ताई, ते जप्त झालेले नाहीत. बँक, विमा कंपनी, नोकरी देणारी कंपनी, वीज कंपनी, घरमालक, कोणाकडेही तुमचे पैसे राहिले आणि ठरावीक मुदतीत तुमच्याकडून काहीच हालचाल झाली नाही, तर ते पैसे स्वतःकडे ठेवण्याचा त्यांना अधिकार नसतो. ही मुदत बहुतेक राज्यांत तीन ते पाच वर्षांची असते, पगाराच्या चेकसाठी बऱ्याच ठिकाणी एकच वर्ष. त्याआधी ते शेवटच्या पत्त्यावर पत्र पाठवतात. तुमचं पत्र एडिसनच्या त्या घरी गेलं असणार आणि तोवर तुम्ही ठाण्यात होतात. उत्तर न आल्यावर बँकेने पैसे राज्याच्या हवाली केले. राज्य आता ते मालकासाठी किंवा त्याच्या वारसांसाठी सांभाळतं, आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांसारख्या बहुतेक राज्यांत दावा करायला मुदतच नाही. इंडियानासारख्या एखाद्या राज्यात पंचवीस वर्षांनंतर हक्क संपतो, पण तो अपवाद. तुम्ही उशीर केलात अशी बोचणी मनाला लावून घेऊ नका.

बँकेने ‘खातंच नाही’ का सांगितलं, तेही यातूनच कळतं. आपल्याकडे दहा वर्षं हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण ती परत मागायला आपण आपल्याच बँकेत जातो. २०२३ मध्ये सुरू झालेलं रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टलही तुम्हाला बँकेचं नाव सांगतं आणि पुढचं बँकेकडेच करावं लागतं. अमेरिकेत एकदा पैसे राज्याला दिले की बँकेचा संबंध तुटतो. फोनवरच्या मुलीला पडद्यावर खरंच काही दिसत नसणार. शिवाय तुमची बँक त्या नावाने उरली आहे का, हेही बघायला हवं. न्यू जर्सीतली कॉमर्स बँक २००८ मध्ये टीडी बँक झाली, वाकोव्हिया वेल्स फार्गोत गेली, वॉशिंग्टन म्युच्युअल चेसने घेतली. तुम्ही परत आलात त्याच सुमाराची ही सगळी उलथापालथ. यादीत बँकेचं ओळखीचं नाव दिसलं नाही म्हणून नोंद आपली नाही असं समजून पुढे जाऊ नका.

आता कोणत्या राज्याकडे शोधायचं. अमेरिकेत पन्नास राज्यं आणि पन्नास कायदे आहेत, पण हा पैसा कोणत्या राज्याचा, यावर १९६५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला आहे. सन ऑइल नावाच्या कंपनीकडे लोकांची छोटी छोटी देणी राहिली होती, सगळी मिळून सव्वीस हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यावर टेक्सास, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया अशी राज्यं भांडत होती. न्यायालय म्हणालं, कंपनीच्या दप्तरात मालकाचा जो शेवटचा पत्ता असेल, त्या राज्याकडे पैसे जातील. पत्ताच नसेल तर कंपनी ज्या राज्यात नोंदलेली आहे त्याच्याकडे. तेव्हा तुम्ही सनीव्हेल आणि एडिसन या दोन्ही पत्त्यांसाठी शोधायचं. आणि परत येताना एखाद्या कंपनीला ठाण्याचा पत्ता दिला असेल तर डेलावेअरही बघा, कारण असंख्य अमेरिकन कंपन्यांची नोंदणी त्या चिमुकल्या राज्यात असते आणि परदेशी पत्त्यांचे पैसे बऱ्याचदा तिकडे जाऊन पडतात. परत आलेल्या मंडळींपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

शोधायला मुलाला बसवा किंवा स्वतः बसा, अर्ध्या तासाचं काम आहे. अनक्लेम्ड डॉट ऑर्ग ही राज्यांच्या या खात्यांच्या संघटनेची साइट आहे. तिच्यावर अमेरिकेचा नकाशा दिसतो, राज्यावर क्लिक केलं की त्या राज्याच्या अधिकृत पानावर जाता येतं. कॅलिफोर्नियात हे काम स्टेट कंट्रोलर बघतो, न्यू जर्सीत ट्रेझरी खात्याचं अनक्लेम्ड प्रॉपर्टी कार्यालय. मिसिंग मनी डॉट कॉमवर बऱ्याच राज्यांत एकदम शोधता येतं, पण सगळी राज्यं तिथे सापडतीलच असं नाही, म्हणून दोन्ही राज्यांच्या स्वतःच्या पानांवर वेगळं बघाच. एजन्सीच्या पत्रातल्या किंवा ईमेलमधल्या लिंकवर मात्र जायचं नाही. पत्ता स्वतः टाइप करायचा.

शोधताना आपली नावं नडतात. नोंद करणाऱ्या अमेरिकन कारकुनाने आपलं नाव कसं लिहिलं असेल याचा अंदाज बांधत बसावं लागतं. आपल्या नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते कधी मधल्या नावाच्या रकान्यात जातं, कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी त्याचं नुसतं आद्याक्षर उरतं, आणि कधी तर तेच आडनाव होऊन बसतं. मग ‘कुलकर्णी’ शोधून काही सापडत नाही आणि सासऱ्यांच्या नावाने शोधलं की नोंद समोर उभी राहते. पहिलं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल करून बघा. देशपांडेमधला एच एसच्या मागे टाकून बघा, पीच्या मागे टाकून बघा, गाळून बघा. जयश्रीच्या शेवटी डबल ई, वाय, आय, तिन्ही. छाया असेल तर एक एच आणि दोन एच. लांबलचक आडनावं शेवटी तुटलेली असू शकतात, म्हणून नुसती पहिली चार-पाच अक्षरं टाकून आणि गाव ‘एडिसन’ देऊन शोधा. यजमानांच्या नावाने झालं की स्वतःच्या नावाने शोधा, माहेरच्या नावाने शोधा, मुलाच्या नावाने शोधा. मुलगा तिथेच शिकला असेल तर कॉलेजचं डिपॉझिट, सुट्टीतल्या नोकरीचा न वटवलेला चेक, असलं काहीतरी हमखास कुठेतरी असतं.

नोंद दिसेल ती अशी: नाव, जुना पत्ता, पैसे देणाऱ्या कंपनीचं नाव आणि पैशाचा प्रकार. रक्कम बऱ्याचदा पूर्ण दाखवत नाहीत, शंभर डॉलरपेक्षा जास्त किंवा कमी एवढंच असतं. लहान नोंदी सोडू नका. वीज कंपनीचं डिपॉझिट, डॉक्टरकडे जास्त भरलेले पैसे, गाडीच्या विम्याचा परतावा, भाड्याच्या घराचं डिपॉझिट, शेवटच्या पगाराचा चेक, सगळं तिथे येतं. पत्ता बघून ‘हो, हा आपलाच’ असं ज्या क्षणी वाटेल त्या क्षणी त्या पानाचा फोटो काढा आणि नोंदीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

इथून पुढे तुमच्या बाबतीत दोन वाटा आहेत. खातं दोघांच्या नावे असेल तर वाट सोपी. तुम्ही स्वतः मालक आहात. तुमचा पासपोर्ट, जुन्या पत्त्याचा पुरावा, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकन सरकारने दिलेला ओळख क्रमांक) आणि यजमानांचा मृत्यूचा दाखला एवढ्यावर बहुधा काम भागतं. म्हणून सगळ्यात आधी नोंदीत तुमचं नाव कुठे आहे का ते डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्या बायकांना वाटतं, व्यवहार ह्यांनीच केले, माझं नाव कशाला असेल. असतं.

नोंद एकट्या यजमानांच्या नावे असेल तर तुम्हाला वारस म्हणून दावा करावा लागेल, आणि दोन्ही राज्यांत त्याची पद्धत वेगळी आहे. कॅलिफोर्नियात लहान इस्टेटीसाठी कोर्टात न जाता प्रतिज्ञापत्रावर काम होतं. यजमान २०२३ मध्ये गेले, त्या काळासाठी ही मर्यादा १,८४,५०० डॉलर आहे. त्यांची कॅलिफोर्नियातली सगळी मालमत्ता मिळून एवढ्याच्या आत असेल तर प्रतिज्ञापत्र पुरतं, मृत्युपत्र असो वा नसो. तुमचं तिथे घरदार नव्हतं, त्यामुळे अडचण येऊ नये. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, सरोगेट नावाचं कार्यालय असतं, वारसाहक्काची कामं तिथे चालतात. मृत्युपत्र नसेल आणि राज्यातली मालमत्ता ५०,००० डॉलरच्या आत असेल, तर हयात पत्नीला तिथे प्रतिज्ञापत्रावर हक्क मिळतो. पत्नी नसती तर इतर वारसांसाठी हीच मर्यादा २०,००० आहे. एडिसन मिडलसेक्स काउंटीत येतं आणि त्यांचं सरोगेट कार्यालय न्यू ब्रन्सविकला आहे. त्यांना आधी ईमेल करून एकच प्रश्न विचारा: नवरा भारतात वारला, मालमत्ता न्यू जर्सी राज्याकडे आहे, अर्ज तुमच्याकडे करायचा की दुसऱ्या काउंटीत? उत्तर लेखी घ्या. यजमानांनी मृत्युपत्र केलं असेल तर मात्र न्यू जर्सीचा मार्ग बदलतो, आणि रक्कम मोठी असेल तर तिथल्या वकिलाचा एक तास विकत घेणं परवडतं. तो एक तासाचे पैसे घेईल, तीस टक्के नाही.

ज्यावर खरी मेहनत घ्यायची आहे ती गोष्ट म्हणजे पुरावा. राज्याला दोनच गोष्टी हव्या असतात: यादीतला माणूस तोच, आणि तुम्ही त्याच्या वारस. दुसरी गोष्ट लग्नाच्या आणि मृत्यूच्या दाखल्याने होते. पहिलीसाठी यजमानांचं नाव आणि एडिसनचा पत्ता एकाच कागदावर हवा. पोटमाळ्यावरची ती अमेरिकेहून आणलेली बॅग खाली काढा. डब्ल्यू-टू नावाचा कागद शोधा, दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कंपनी द्यायची तो. दिसायला लहान, चौकोना-चौकोनांचा. एका चौकोनात सोशल सिक्युरिटी नंबर, खाली ‘ई’ मध्ये नाव आणि ‘एफ’ मध्ये घरचा पत्ता. तुम्हाला लागणारं सगळं एका पानावर. आणलेल्या कागदांत यापेक्षा मोलाचा कागद नाही. तो नसेल तर घरभाड्याचा करार, वीजबिल, बँकेचं स्टेटमेंट, टॅक्स रिटर्नची प्रत, जुनं ड्रायव्हिंग लायसन्स. मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाबरोबर आलेलं पालकांच्या नावाचं, पत्ता छापलेलं पाकीटसुद्धा ठेवा. फेकू नका एवढं नक्की. राज्यागणिक नियम वेगळे, एकाने नाकारलेला कागद दुसरं राज्य घेतं.

मृत्यूच्या दाखल्यावरचं इंग्रजी नाव आणि अमेरिकेतल्या नोंदीतलं नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. महापालिकेचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो, पण इंग्रजी स्पेलिंग स्मशानात घाईत लिहून दिलेल्या फॉर्मवरून आलेलं असतं. दुःखाच्या त्या तासात कोण एच मोजतं? फरक असेल तर आधी महापालिकेत दुरुस्ती होते का ते बघा. ती होण्यासारखी नसेल तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करा, सोबत जुन्या पासपोर्टची प्रत जोडा. तुमचंही तेच. अमेरिकेत गेलात तेव्हाचा पासपोर्ट, आत्ताचा पासपोर्ट आणि आधार यांत नाव तीन प्रकारे असेल तर ते आत्ताच मार्गी लावा, अर्ज परत आल्यावर नको.

सहीचं काय करायचं, ते नीट ऐका, कारण ठाण्यात बसून काम अडलं तर इथेच अडेल. कॅलिफोर्नियात हजार डॉलर आणि त्यावरच्या दाव्याला नोटरीसमोर सही लागते, इतर राज्यांतही मोठ्या रकमेला लागते. आपल्या कोर्टाबाहेरच्या नोटरीचा शिक्का तिथे नुसता चालत नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकन वकिलात आहे. तिथे वेळ घेऊन जायचं, अधिकाऱ्यासमोर सही करायची, प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर पडतात. घरून सही करून नेऊ नका, ते त्यांच्यासमोरच करायचं असतं. रक्कम चांगली असेल तर ही वाट मला सर्वांत बिनधोक वाटते. दुसरी वाट म्हणजे इथल्या नोटरीची सही आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेला सरकारी शिक्का. भारत २००५ पासून त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. आधी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, असा क्रम असतो. मृत्यूच्या दाखल्यालाही अपॉस्टिल मागू शकतात, म्हणून त्याच्या दोन-तीन मूळ प्रती काढून ठेवा. कोणत्या राज्याला यातलं काय चालतं ते अर्ज भरण्याआधी ईमेलने विचारून घ्या. ते उत्तर देतात.

शेअर्सबद्दल मात्र तुम्हाला एक कटू गोष्ट सांगायला हवी. यजमान कंपनीत पगारातून शेअर घेत असतील, आणि त्या वर्षांत सनीव्हेलच्या बऱ्याच कंपन्यांत ती सोय होती, तर तेही राज्याकडे गेलेले असू शकतात. राज्य शेअर जन्मभर धरून ठेवत नाही, काही काळाने विकतं आणि विक्रीची रक्कम तुमच्या नावे ठेवतं. नंतर तो शेअर दसपट झाला तरी तुम्हाला विक्रीच्या दिवसाचेच पैसे मिळतात. कॅलिफोर्नियावर याच कारणासाठी खटला झाला आणि २००७ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने, मालकांना नीट कळवल्याशिवाय पैसे घेऊ नका आणि विकू नका, असा लगाम घातला. तेव्हापासून कंट्रोलरचं कार्यालय आधी पत्र पाठवतं. पण ते पत्रही सनीव्हेललाच जाणार. तुमच्याकडे एखाद्या शेअरचं जुनं स्टेटमेंट सापडलं तर त्याची चौकशी बँकेच्या खात्याआधी करा. ते अजून विकले गेले नसतील, तर दिरंगाईने नुकसान होणारी ही एकच गोष्ट आहे.

पैसे येतात ते बहुतेक वेळा डॉलरच्या चेकने. इथल्या बऱ्याच बँका परदेशी चेक घ्यायला कां-कूं करतात, घेतला तर वसुलीला आठवडे लागतात आणि वर शुल्क. म्हणून दावा दाखल करण्याआधी आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागात जाऊन विचारा. तुम्ही अमेरिकेत राहून परत आलेल्या आहात, तेव्हा आरएफसी खातं उघडता येईल का तेही विचारा, त्यात पैसे डॉलरमध्येच ठेवता येतात. अमेरिकेत तुमच्या नावाचं एखादं खातं अजून चालू असेल तर त्यासारखं काही नाही. मुलाच्या खात्यात घेऊ असं मनात आलं असेल, पण चेक दावेदाराच्या नावे येतो, आणि मुलाला तुमच्या वतीने काही करायचं तर रीतसर मुखत्यारपत्र लागेल.

कराचं थोडक्यात. खात्यातली मूळ रक्कम तुमचीच होती, ती मिळणं हे नवं उत्पन्न नव्हे, आणि आपल्याकडे वारसा कर नाही. व्याज आणि शेअर विक्रीचा नफा यांचं वेगळं आहे. सीएला सगळे कागद दाखवा आणि परदेशी मालमत्ता जाहीर करण्याचा विवरणपत्रातला तक्ता भरायला लागतो का, ते स्पष्ट विचारा.

यजमानांचा फोर-ओ-वन-के निवृत्ती निधी राहिला असेल असं वाटत असेल तर तो राज्याच्या यादीत बहुधा दिसणार नाही. अमेरिकन कामगार खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये हरवलेल्या निवृत्ती खात्यांसाठी वेगळा शोध सुरू केला आहे. आधी जुन्या कंपनीच्या एचआरला विचारा, ते लवकर होतं. आयुर्विमा असेल तर तिथल्या विमा नियामकांच्या संघटनेचा पॉलिसी शोधण्याचा मोफत फॉर्म आहे.

आणि एक. आता तुमचं नाव एका एजन्सीच्या हाती लागलं आहे, म्हणजे दुसऱ्याही येतील, आणि त्यांत खरे चोरही असतील. व्हॉट्सॲपवर कोणी ‘न्यू जर्सी ट्रेझरी’ म्हणून आला, प्रक्रिया शुल्क आधी भरा म्हणाला, ओटीपी किंवा आधारचा फोटो मागू लागला, की फोन ठेवून द्यायचा. आधी पैसे भरायला लावणारं राज्य नाही, हे धरून चाला. सोशल सिक्युरिटी नंबर फक्त राज्याच्या स्वतःच्या अर्जावर लिहायचा, एजन्सीच्या कागदावर मुळीच नाही.

त्या एजन्सीला उत्तर पाठवायची गरज नाही. फोन आलाच तर ‘आम्ही स्वतः दावा करतो आहोत’ एवढं सांगून मुलाने विषय संपवावा. दावा दाखल झाला की क्रमांक मिळतो, त्यावरून काम कुठवर आलं ते ऑनलाइन बघता येतं. कॅलिफोर्नियाला निर्णयासाठी १८० दिवसांची मुभा आहे, म्हणजे सहा महिने शांत बसावं लागलं तरी घाबरू नका. त्या काळात अर्जावर पत्ता ठाण्याचा द्या, पण ईमेल मुलाचा आणि तुमचा दोन्ही द्या. ते आणखी कागद मागतात तेव्हा उत्तराला मुदत असते आणि ठाण्याला पत्र पोचेपर्यंत तीच संपून जाते. पहिला अर्ज कॅलिफोर्नियाचा टाका, कारण शेअर असलेच तर ते तिथे असण्याची शक्यता जास्त. न्यू जर्सीच्या सरोगेट कार्यालयाचं उत्तर येईपर्यंत वकिलातीतली वेळ घेऊन ठेवा. दोन्ही राज्यांच्या कागदांवर एकाच दिवशी सह्या झाल्या तर वांद्र्याची एक खेप वाचेल.